झाकणाच्या आत

सोनं बघू नकोस आधी, गुलाम अब्बास सांगायचा,
सोनं बोलघेवडं असतं.
मनामाच्या सूकात, दोरखंडवाल्यांच्या गल्लीत
दोन माणसं वळली तर तिसरं उभं राहील असं आमचं दुकान,
बादलीत टपटपणारं एसीचं पाणी,
आणि त्याच्या डोळ्यात भिंग, जन्मतःच असल्यासारखं.
तो गेला. भिंग मला लागलं.

आज जासिम आलाय, हिवाळ्यातला राखाडी थोब,
रुमालात आजोबांचं घड्याळ.
आजोबा अवालीला, तेलकंपनीत ड्रायव्हर;
कुणा अमेरिकन मुकादमाने मायदेशी जाताना दिलं म्हणे.
“चांगलं आहे का?” एवढंच विचारतो.
किंमत हवी असलेला माणूस असं विचारत नाही.

तबकडी इनॅमलची. सहापाशी एक केस अडकलाय वाटतं,
फुंकरीने उडत नाही. तडा आहे.
काटे निळे, आणि रंगवलेले नव्हेत, तापवलेले:
आचेच्या निळ्याला जांभळी कड असते,
ती कुठल्याच डबीत मिळत नाही.
डोकं ओढून काटे फिरत नाहीत याचे.
पुढची काच काढा, एकाच्या आकड्याजवळची
लपलेली पट्टी नखाने ओढा, मग फिरवा.
चुकूनही वेळ बदलू नये म्हणून ही एवढी यातायात.
म्हणजे हे रेल्वेचं. एका गाडीसमोर दुसरी येऊ नये
म्हणून खिशात बाळगायचं.
आठवड्याला तीस सेकंद चूक माफ, एकतिसावा नाही.
आणि पोचलं कुठे, तर या बेटावर,
जिथे फाटक नाही, शिट्टी नाही, एक रूळ नाही.

मागचं झाकण आटे फिरवत काढलं.
एकवीस माणकं, सोन्याच्या कोंदणात,
निकेलवर ओहोटीच्या वाळूसारखी नक्षी.
स्क्रूंची डोकी कोरी, एक सोडून;
तिथे कुणाचा तरी हात घसरलाय, घाईत, किंवा उकाड्यात.
बॅलन्स आधीच चालू होता.
रुमालाची ऊब पुरली असावी, किंवा जासिमचं चालणं.

केसच्या कडेवर मात्र दोन जास्तीचे चरे:
इथे आधी दुसरंच यंत्र राहून गेलंय.
खोटं बोलायचं नाही, हाही धड्यातलाच भाग.
“यंत्र अव्वल,” म्हटलं, “घर दुसऱ्याचं.”
जासिम हसला. “या गल्लीत कुणाचं नाही?”

मग झाकणाची आतली बाजू उजेडाकडे केली.
दुरुस्त करणारे इथे सुईने खूण ठेवतात,
गिऱ्हाईकाला दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते.
एक इंग्रजी आकडा. एक फारसी वळणाची सही.
आणि तळाशी, तिरकं,
१३-७-५१, काळसे…
पुढचं कुणीतरी पॉलिश करताना पुसलेलं.
गाव असेल. आडनाव असेल, ‘कर’ झिजलेलं.
पण ळ शाबूत होता,
दोन्ही गोल नीट वळवलेले, पितळ कापत,
शाळेत पाटीवर गिरवतात तसा.
भिंगात पाणी आलं. बादलीतलं नव्हे.

“काय लिहिलंय?”
“ज्याने दुरुस्त केलं त्याचं नाव.”
“तुमच्यातला?”
मी मान हलवली. कशी हलवली ते त्यालाच ठाऊक.

संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. तेल बदललं,
तबकडी वर, तबकडी खाली, डोकं वर, असं निजवून पाहिलं.
दिवसाला दोन सेकंद पुढे.
रेल्वेने पास केलं असतं.
“चांगलं आहे,” मी म्हटलं, “खूपच.”
पैसे किती, ते राहूनच गेलं.

गुलाम अब्बास म्हणायचा, तू कोरू नकोस,
पेन्सिलीने लिही, पुढच्याला खोडता आलं पाहिजे.
जासिम दारात चपला घालत होता.
मी त्याला थांब म्हटलं
आणि खणात पेन्सिल शोधू लागलो.